काशीला सोडलेला मासा

माझ्या आईने काशीला जाऊन मरळ सोडली, असं आमच्या भावकीत अजूनही सांगतात. लग्नकार्यात एखादी म्हातारी माझ्याकडे बोट दाखवते आणि घरातल्या नव्या सुनेला सांगते, की हिची आई काशीला मरळ सोडून आली आणि नागपूरला परत आल्याबरोबर मरळच शिजवून खाल्ली. पूर्वी मी हे ऐकून घ्यायची. आता माझंही वय झालंय, आता ऐकून घेत नाही. आई काशीला गेली, हे खरं. परत येऊन तिने मरळ खाल्ली, हेही खरं, मी तिच्या शेजारी बसून जेवले होते. पण तिने मरळ सोडलेली नव्हती. तिथे काय सोडलं गेलं ते नीट लक्षात ठेवणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि त्यातली एक आता नाही. म्हणून लिहिते आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. काशीला गेलेल्या माणसाने आपल्या आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी किंवा पदार्थ तिथे सोडून यायचा असतो. ओंजळीत पाणी घ्यायचं, पंड्याने त्या पदार्थाचं नाव घेऊन संकल्प सांगायचा, पाणी गंगेत सोडायचं, आणि पुढे जन्मभर तो पदार्थ तोंडात घालायचा नाही. आवडीचा, असा नियम आहे. लोक काही इतके भोळे नसतात. माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, हिने कारलं सोडलं. कारलं तिने कधी खाल्लंच नव्हतं. मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, अंजीर सोडलं. त्यांची संत्र्याची अडत होती, काटोलचा माल त्यांच्याकडे उतरायचा, आणि हंगामात ते दिवसभर संत्री खायचे. पण त्यांना सोडायला आठवलं ते अंजीर, जे आमच्या घरात मी तरी कधी पाहिलं नाही. आईच्या वाट्याला मात्र तिच्या सगळ्यांत आवडीचा मासा आला, आणि तोही तिने निवडलेला नव्हता.

तेव्हा आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. शेजारची नंदनवन वस्ती अजून वसलेली नव्हती, त्या बाजूला शेतं आणि बाभळी होत्या. घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू, पुढचा भाग मोठेबाबांचा, मागची खोली आमची, मधे अंगण आणि सगळ्यांची मिळून एक चूल. वडील गिरणीत होते. आई भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठच्या गावातली. तिकडे तळीही पुष्कळ, त्यामुळे तिला मासा पाण्याइतकाच सवयीचा होता. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात वडिलांनी बाजारातून मासा आणला. काळपट, लांब, सापासारख्या डोक्याचा, डोलचीत, म्हणजे लहान बादलीत, जिवंत. तिने पाहिला आणि आनंदाने म्हणाली, बोटरी आणली का. तिच्या गावात त्याला बोटरी म्हणतात. नागपूरच्या आमच्या घरात तो मरळ.

पुढच्या खोलीतून मोठेबाबांनी मोठ्या आईच्या तोंडून निरोप पाठवला, की या घरात मरळ म्हणतात, जंगलातलं बोलणं जंगलात ठेवावं. आईने हे मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं आणि दर वेळी तिचा चेहरा तसाच तांबडा व्हायचा. तिला उलट बोलता येत नव्हतं. मोठेबाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. काही सांगायचंच झालं तर मोठ्या आईला सांगायचं, ती नसेल तर लेकराला सांगायचं, तेही नसेल तर भिंतीला. इतकी वर्षं एका अंगणात काढून आईचा एक शब्दही मोठेबाबांच्या दिशेने गेलेला नव्हता. त्या दिवसापासून ती सगळ्यांसमोर मरळ म्हणू लागली. मागच्या खोलीत मात्र वडील मुद्दाम बोटरी म्हणायचे, तिला हसवायला. आणि पंगतीत कोणाचं लक्ष नसताना आपल्या ताटातला मधला तुकडा तिच्या ताटात सारायचे. माशाचा मधला तुकडा सगळ्यांत चांगला, त्याला मांस जास्त आणि काटा कमी.

नावाचं म्हणाल तर या एका माशाने जितकी नावं लावून घेतली तितकी कोण्या देवानेही घेतली नसतील. आमच्या बुधवार बाजारात बाया माशांच्या टोपल्या मांडून बसायच्या. बाकीचे मासे मेलेले, पण हा घमेल्यातल्या वीतभर पाण्यात जिवंत. पाण्याबाहेर काढला तरी तो बराच वेळ तग धरतो, हवा गिळतो. रेल्वेतल्या बंगाली बाबूची बायको यायची आणि शोल मागायची. गिरणीतला तेलुगू जॉबर, म्हणजे मुकादम, कोर्रमीनू मागायचा. लाकडाच्या वखारीचा सरदार सौल मागायचा. मासेवाली सगळ्यांना त्याच घमेल्यातून काढून द्यायची आणि सगळे आपापल्या गावचा मासा मिळाला म्हणून खूश होऊन जायचे. मला लहानपणी वाटायचं, घमेल्यात इतके प्रकार आहेत आणि मलाच ते वेगळे दिसत नाहीत. त्यात पुन्हा भर म्हणजे एका गावची डाडक म्हणजे वेगळाच लहान ठिपक्यांचा मासा, आणि दुसऱ्या गावची डाडक म्हणजे मरळीचं पिल्लू. यावरून माणसं भांडतात, मी स्वतः पाहिलं आहे, पुढे सांगते.

मी चौथीत असताना वडील छातीच्या दुखण्याने गेले. आमच्या जातीत नवरा गेलेल्या बाईला मासा-मटण बंद नव्हतं. आई तेरवी झाल्यावर काही महिने कशालाच शिवली नाही, मग हळूहळू खाऊ लागली. मोठेबाबांना ते पाहवायचं नाही. नवरा गेल्यावरही बाईच्या जिभेला चव राहते, याचाच त्यांना राग होता. तोंडावर काही म्हणायचे नाहीत, पण मासा शिजला की मोठ्या आईला विचारायचे, आज मागच्या खोलीत सण आहे का.

दिवाळीनंतर ते काशीला निघाले. वडिलांच्या अस्थी नेल्या, मोठ्या आईला घेतलं, आईला घेतलं, आणि मला कोणाजवळ ठेवायचं म्हणून मलाही घेतलं. प्रवासाचं मला फक्त इतकं आठवतं की इटारसीला गाडी बदलताना पुरी-भाजी मिळाली आणि आई ती न खाता अस्थींच्या लोटक्यावर हात ठेवून बसली होती.

घाटावर सगळं आटोपल्यावर पंड्याने सोडण्याचा विषय काढला. मोठ्या आईचं कारलं झालं, मोठेबाबांचं अंजीर झालं. मग आई पुढे आली, पायरीवर बसली, पंड्याने तिच्या ओंजळीत पाणी घातलं आणि विचारलं, "क्या छोड़ोगी, माई?" भासरे बाजूलाच उभे, त्यामुळे आईने मान वळवली आणि मला सांगण्यासाठी वाकली. ती काय सांगणार होती ते तेव्हा कळलं नाही, कारण तिचं तोंड माझ्या कानाशी पोचायच्या आधीच मोठेबाबा बोलले. म्हणाले, मछली छोड़ेगी, मरळ.

पंड्याला मरळ कळेना. मोठेबाबांना त्याचं हिंदी नाव येईना. त्यांची हिंदी संत्र्यांच्या भावापुरती चांगली होती, माशांपुरती नव्हती. त्यांनी हात लांब करून दाखवलं, बोटांनी मोठं तोंड करून दाखवलं, काली होती है म्हणाले. मागे माणसं ताटकळत होती, पंड्याला घाई होती. त्याने विचारलं, "पढ़िन?" मोठेबाबांना पढिन म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पण माहीत नाही असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. "हाँ, वही," ते म्हणाले. पंड्याने मंत्र म्हटला, मंत्रात पढिन असं स्पष्ट म्हटलं, आईच्या हाताखाली हात धरून पाणी गंगेत सोडवलं आणि पुढच्याला बोलावलं.

परतीच्या गाडीत मोठेबाबा झोपल्यावर आईने मला हळूच विचारलं, काय म्हणाला वं तो पंड्या. मी सांगितलं, पढिन. तिने तो शब्द दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला आणि मग खिडकीकडे तोंड करून बसली.

आमच्या गल्लीच्या टोकाला छत्तीसगडकडची कामकरी मंडळी राहायची, बांधकामावर जायची. त्यातली एक बाई आईच्या ओळखीची होती. परत आल्यावर पुढच्या बुधवारी बाजारात आईने तिला गाठलं आणि विचारलं, तुमच्याकडे पढिन म्हणतात तो मासा कोणता. बाईने एका टोपलीकडे बोट केलं. तिथे चपट्या अंगाचा, खवलं नसलेला, लांबच लांब मिशांचा मासा पडला होता. तोंड मोठं, हे खरं. लांब, हेही खरं. पण आमच्या घरात तो मासा कधी आला नव्हता आणि आईच्या माहेरीही तिने त्याला कधी तोंड लावलं नव्हतं. त्या मिशा पाहिल्या की मला अजूनही कसंतरी होतं.

आई त्या माशाकडे पाहत राहिली आणि हसू लागली. वडील गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. टोपल्यांच्या मधे उभी राहून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतोवर हसली. मग शेजारच्या घमेल्यातून तिने चांगली जाड मरळ निवडली, डोलचीत पाणी घातलं आणि आम्ही घरी आलो.

तिने काही लपवलं नाही. लपवायचं असतं तर छत्तीसगडी बाईच्या घरी शिजवून खाऊन आली असती. तिने अंगणात बसून मासा राखेने घासला, पावशीवर, म्हणजे विळीवर, कापला, पातळ लाल रस्सा केला, सगळ्यांच्या चुलीवर. मोठ्या आईने घाबरून विचारलं, हे काय करून राहिली वं, काशीला सोडून आली ना तू. आई म्हणाली, मी पढिन सोडली, पढिन मी या जन्मी खाणार नाही. आणि ताट घेऊन बसली. मीही बसले. त्या दिवशी मधला तुकडा तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्या ताटात वाढून घेतला.

मोठेबाबा न जेवता अडतीवर निघून गेले. संध्याकाळी मोठ्या आईबरोबर निरोप आला: देवासमोर दिलेला शब्द मोडणारी बाई या घरात राहणार नाही, येत्या रविवारी भावकी बसेल, तोपर्यंत तिने काय ते ठरवावं, चूक कबूल करून पुन्हा मरळीला हात न लावण्याची शपथ घ्यावी किंवा मागची खोली खाली करून माहेरी जावं. ती खोली हे आमचं सगळं होतं. माहेरी मामाचीच लेकरं पुष्कळ होती. आणि तिथे शाळा चौथीच्या पुढे नव्हती.

आठवड्याच्या मधे एकदा मोठेबाबांनी मला अडतीवर बोलावलं. त्यांनी मला कधी तिकडे नेलेलं नव्हतं. संत्र्यांच्या ढिगाजवळ बसवलं, सोलून संत्रं दिलं आणि फार गोड बोलले. पुढच्या वर्षी मला मोठ्या शाळेत घालायचं त्यांच्या मनात होतं म्हणे, त्या शाळेच्या मुली निळ्या फिती लावून जातात, मी पाहिल्या असतील. मी पाहिल्या होत्या, रोज पाहायची, आणि त्यांच्या फितींसकट मला ती शाळा हवी होती. मग त्यांनी सांगितलं, रविवारी कोणी विचारलं तर म्हणायचं, पंड्या मरळ म्हणाला. मी संत्रं खाल्लं. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने मला काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाली, तुले शाळेत जाचं हाय, मले ठाऊक हाय. ती असं म्हणाली म्हणून मला जास्तच राग आला, मोठेबाबांचा.

रविवारी अंगणात सतरंजी टाकली. सगळ्यांत वडीलधारे काटोलचे आजोबा, मोठेबाबांचे मामा. बालाघाटकडचे एक जावई, चांद्याकडचे एक चुलतभाऊ, आणि भंडाऱ्याहून माझा मामा, तो बिचारा हात जोडूनच आला होता. आई दाराआड, पदर नाकापर्यंत. काटोलच्या आजोबांनी आधी सगळं ऐकलं आणि मग म्हणाले, मासा तरी पाहू द्या, भांडण कशाचं आहे ते समजू द्या. आईने त्याची तजवीज करून ठेवली होती. मी डोलची आणून मधे ठेवली. आत जिवंत मासा, वर येऊन हवा गिळत होता.

आणि मग ते सुरू झालं. आजोबा म्हणाले, ही तर डाडक, मोठी झालेली. मोठेबाबा म्हणाले, मामाजी, मरळ. चांद्याचे म्हणाले, मरळीच्या अंगावर पट्टे राहतात, हिच्यावर कुठे आहेत, आमच्याकडे हिला कोर्रमीनू म्हणतात. बालाघाटचे जावई म्हणाले, सौल आहे, डोळे मिटून सांगतो. मामाने घाबरत घाबरत बोटरी म्हटलं. आजोबा चिडले. काटोलजवळच्या ओढ्यात त्यांनी लहानपणापासून डाडक धरलेली, त्यांना कोणी शिकवू नये. चांद्याचे म्हणाले, ओढ्यातली वेगळी, तळ्यातली वेगळी. जावई सासुरवाडीत असल्याचं विसरले आणि मोठ्याने बोलू लागले. आईच्या गुन्ह्याचा विषय कधीच मागे पडला होता. पुरुष माणसं डोलचीभोवती उकिडवी बसून एकमेकांना खोटं ठरवत होती आणि मासा मधेच शेपूट हाणून सगळ्यांच्या धोतरांवर पाणी उडवत होता.

शेवटी आजोबांनीच विचारलं, आणि पढिन कोणती. जावई म्हणाले, पढिन साफ वेगळी, तिला मिशा असतात, आमच्या नदीत पुष्कळ. तेव्हा मोठेबाबा उठून उभे राहिले. नाव काय वाटेल ते असो, म्हणाले, माझ्या मनात मरळ होती, सोडवायची मरळच होती, देवाला मन कळतं. आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, ही पोरगी तिथे होती, हिला विचारा.

आजोबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, भिऊ नको, काय ऐकलं ते सांग. मोठेबाबा माझ्याकडे पाहत होते, आणि मला निळ्या फिती दिसत होत्या, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "मरळ मोठेबाबा म्हणाले. पंड्या पढिन म्हणाला. मोठेबाबा हां म्हणाले, आणि मग पाणी सोडलं." एवढं बोलून मी डोलचीजवळ जाऊन बसले.  चांगलं वाटत होतं, फार चांगलं वाटत होतं.

मोठेबाबा पुन्हा मनाचं सांगू लागले, तेव्हा आई दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भासऱ्याकडे पाहून बोलली, मधे कोणी नाही, भिंत नाही.

"मन तुमचं होतं," ती म्हणाली. "पानी माह्या हातात होतं. ज्याच्या नावानं पानी सोडलं ते मी सोडलं, ते मरेलोक खानार नाही."

 आजोबांनी विचारलं, तुला विचारलं असतं तर काय सोडलं असतं गा बाई. म्हाताऱ्याने नकळत तिला पुरुषासारखं गा म्हटलं आणि त्याच्याही लक्षात आलं नाही.

"काही नाही," आई म्हणाली. "माहा मानूस सुटला जी. त्याच्यावर अजून काय सोडू मी?"

घाटावर ती माझ्या कानात हेच सांगणार होती. मला तेव्हा कळलं, आणि माझं रडू मला आवरेना. मामाही रडत होता. आजोबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, खोली सुनेची आहे, तिच्या नवऱ्याची होती म्हणून तिची आहे, चूल पटत नसेल तर वेगळी मांडा, आणि आता हा मासा असाच मारणार आहात की कोणी शिजवणार आहे. आईने डोलची उचलली. सगळे जेवून गेले. मोठेबाबा सोडून.

त्याच संध्याकाळी मामाने माती कालवून मागच्या खोलीत चूल घातली. मोठी शाळा अर्थातच गेली. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकले, फिती नव्हत्या, पण शिकले आणि पुढे शिक्षकीण झाले. आई संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायच्या कामाला लागली, मोठेबाबांच्या अडतीच्या बरोबर समोरच्या अडतीवर. दुसरीकडेही काम मिळत होतं. तिला तीच जागा हवी होती. आणि बुधवारी अंगण ओलांडून पुढच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात ती मला हाक मारायची, बोटरी शिजली वं, जेवाले ये. मरळ हा शब्द आमच्या खोलीत पुन्हा आला नाही.

मी शाळेत शिकवू लागले तेव्हा वर्गात माशांच्या चित्रांचा एक तक्ता होता. त्यावर त्या माशाखाली मरळ असं छापलेलं होतं. आमच्या वर्गात भंडाऱ्याच्या मुली होत्या, तेलुगू मुली होत्या, हिंदीवाल्या होत्या. प्रत्येक मुलगी आपल्या घरचं नाव सांगायची आणि मी प्रत्येकीला शाबास म्हणायची. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बाई, मुलींना एकच बरोबर नाव शिकवा. मी विचारलं, कोणाच्या घरचं. ते वहीत काहीतरी लिहून निघून गेले. मला त्याचा काही त्रास झाला नाही. झाला असता तरी मी तेच म्हटलं असतं. लोक म्हणतात नावांचा घोळ आहे. घोळबिळ काही नाही. ज्याला दुसऱ्याच्या ताटातलं काढून घ्यायचं असतं, त्यालाच एक नाव पुरतं.

ऐंशी साल उलटून गेल्यावर मोठेबाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. जखम भरून येईना. डॉक्टरांनी ताकदीचं खायला सांगितलं, आणि मोठेबाबांच्या तोंडाला कशाची चव लागेना. एके दुपारी मोठी आई गुडघे धरत आमच्या दारात आली. मुलं परगावी, तिला स्वतःला चुलीपुढे बसवत नव्हतं. म्हणाली, ते काही खात नाहीत वं, मरळीचा रस्सा मागून राहिले, जखमेले चांगला असते म्हणतात. आणि मग मान खाली घालून उभी राहिली.

आईने तिला पाणी दिलं. मग पिशवी घेऊन बाजारात गेली. मी म्हटलं, तू करणार आहेस का. ती म्हणाली, माणूस आजारी हाय, मासा मले येते. याच्यावरून भावकीत आता असंही सांगतात की आईने त्यांना माफ केलं. तेही खोटं आहे. माफीचा विषय तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तिने तिखट कमी टाकून रस्सा केला, डबा भरला, आणि आम्ही दोघी सायकल रिक्षाने रामदासपेठेला गेलो.

मोठेबाबा खूप वाळले होते. त्या रविवारनंतर दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. आईने डबा उघडला, वाटीत रस्सा आणि एक तुकडा घातला, त्यांच्या हातात दिला. ते हळूहळू जेवले. काटे नीट काढून ताटलीच्या कडेला ठेवले. अर्धी वाटी झाल्यावर थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, मोठ्या आईकडे पाहिलं नाही, सरळ आईकडे पाहून म्हणाले, "बोटरी चांगली झाली."

मोठ्या आईने डोळ्यांना पदर लावला.  मलाही वाटलं, कबूल करते, संपलं, इतक्या वर्षांचं सगळं या एका शब्दात संपलं. आईला तसं काही वाटलेलं दिसलं नाही.

"तुमी मरळच म्हना जी," ती म्हणाली. "बोटरी माह्या घरातलं नाव हाय."

 मोठेबाबांनी वाटी पुढे केली. आईने डब्यातून अजून एक तुकडा काढून वाढला, शेपटीकडचा. मधला तिने घरी आमच्यासाठी झाकून ठेवला होता.